धुऊन जाणारी गोष्ट नाही ती

'पालक मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला की झालं' हे मैलापाण्यावर पिकवलेल्या भाज्यांबद्दल वर कुणीतरी लिहिलंय. माती आणि वरवरची फवारणी काढायला ठीक, पण त्या पाण्यातलं कॅडमियम (विषारी जड धातू) मुळांवाटे पानात चढतं, ते धुऊन कसं जाणार? शिवाय पालेभाज्या हे कॅडमियम फळभाज्यांपेक्षा जास्त ओढतात.

आणि 'पाणी शुद्ध करूनच बेबी कालव्यात सोडतात ना' याबद्दल (हा पुण्याहून शेतीला पाणी नेणारा कालवा): मैलापाणी केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, प्लेटिंगवाल्यांचं (धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं) निकेल-क्रोमियम नाही. त्यातलं बरंचसं गाळात बसतं. थेऊरला मामाच्या वावरात असा वाळलेला काळा गाळ 'फुकटचं खत' म्हणून दोन ट्रॉल्या आला होता. मेथी अशी तरारली म्हणता! जुड्या बांधताना मामी खुशीत म्हणाली, "यंदा युरियासुद्धा लागला नाही बघ." त्यातल्या दोन जुड्या आम्हीही घरी आणल्या.