हिदायत (सरळ वाटेवर आणणं) अल्लाहच्या हाती, मग माणसाच्या हाती काय उरते?

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
सर्वांले सलाम अन् नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर राहतो, वावर करतो, दीनचं (धर्माचं) शिक्षण म्हणाल त मकतबात (लहान पोरांच्या मदरशात) जेवढं झालं तेवढंच. एक गोष्ट लय दिवसापासून डोक्यात घोळून राह्यली, गावात कोणाले विचारावं त लोकं म्हणतात असे प्रश्न विचारू नये, म्हणून इथं लिहून राह्यलो.

माझा लहान भाऊ मोबाईलवरच्या पैशाच्या गेमच्या नादी लागला. आधी स्वतःच्या खिशातले गेले, मंग कापसाच्या चुकाऱ्यातले गेले, आता लोकायजवळून उसने घेऊन राह्यला. समजवाले गेलो का त्याचं एकच असते, "भाईजान, हिदायत अल्लाहच्या हातात हाय, त्यानं दिली का मी सुटलो, त्यानंच नाई दिली त माझा काय दोष." मी त्याच्यावर चिडतो, बोलून घेतो, पण रात्री आंग टाकलं का वाटते हा चुकीचं काय बोलून राह्यला? कुराणात हायेच ना का अल्लाह ज्याले पाहिजे त्याले हिदायत देते अन् ज्याले पाहिजे त्याले भटकू देते. लहानपणी ईमान-ए-मुफस्सल (कशाकशावर ईमान ठेवाचं त्याचा पाठ) पाठ केलं त्यातबी हाय का तकदीर चांगली असो का वाईट, अल्लाहकडूनच हाय. असं असंल त कयामतीले हिशोब कायचा घेणार? अन् मी तरी त्याले कायले समजावू? भांडण लावाले नाई विचारत, खरंच समजून घ्याचं हाय. दुसऱ्या धर्मातल्या भावांनीबी लिहा, चालते.

मकतबवाला_वाशिम
व अलैकुम सलाम भाऊ. मी हाफिज (कुराण पाठ असलेला) आहे, मकतबात पोरं शिकवतो, मोठा आलिम (धर्माचा पंडित) नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

तुमचा भाऊ जे बोलतो तसाच बहाणा कुराणात आलेला आहे, सूरह अनआम आयत १४८ काढून बघा. तिथं शिर्क करणारे (अल्लाहसोबत दुसऱ्याला पूजणारे) म्हणतात की अल्लाहने चाहलं असतं तर आम्ही शिर्क केलं नसतं, आमच्या बापदादांनीही केलं नसतं. कुराणाने हे मान्य नाही केलं, उलट विचारलं की तुमच्याकडे याचं काही इल्म (ज्ञान) आहे का, असेल तर आमच्यासमोर काढा, तुम्ही तर फक्त अंदाजावर चालता. म्हणजे अल्लाहच्या मर्जीत काय आहे हे त्या माणसाला माहीतच नाही, तरी तो तिचं नाव पुढं करतो. तुमच्या भावाला कोणी सांगितलं की त्याच्या हिश्श्याला हिदायत नाही म्हणून? त्याने ते स्वतःच ठरवून टाकलं आहे.

"ज्याला पाहिजे त्याला" वाल्या आयती एकट्या उचलल्या की असा घोळ होतो. सूरह बकरा २६ मध्ये लगेच पुढं आहे की भटकवतो ते फासिक लोकांनाच, म्हणजे जे जाणूनबुजून हद्द तोडतात त्यांना. सूरह सफ्फ ५ मध्ये मूसा अलैहिस्सलामच्या कौमबद्दल आहे की जेव्हा ते वाकडे चालले तेव्हा अल्लाहने त्यांची दिलं वाकडी केली. आधी कोण वाकडं झालं ते पाहा. आणि समूद नावाच्या जुन्या कौमबद्दल तर साफ आहे, हा-मीम सजदा १७, आम्ही त्यांना रस्ता दाखवला पण त्यांनी रस्त्यापेक्षा आंधळेपण पसंत केलं. म्हणजे रस्ता दाखवणं सगळ्यांसाठी झालं, सूरह दहर आयत ३ पण हेच सांगते, आता शुक्र करणारा हो नाहीतर नाशुक्रा हो. त्यावर चालायची तौफीक (अल्लाहने दिलेलं बळ) ही पुढची गोष्ट, ती मागावी लागते आणि तिच्याकडं पाऊल टाकावं लागतं. अनकबूतची शेवटची आयत वाचा, जे आमच्या वाटेत मेहनत करतात त्यांना आम्ही आमचे रस्ते दाखवतो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. सूरह कसस ५६, "तू ज्याच्यावर प्रेम करतो त्याला तू हिदायत देऊ शकत नाहीस, अल्लाह ज्याला पाहिजे त्याला देतो", ही कोणाला सांगितली आहे? रसूलुल्लाह (पैगंबर मुहम्मद) सल्लल्लाहु अलैहि व सल्लमना. त्यांचे चाचा अबू तालिब, ज्यांनी त्यांना लहानाचं मोठं केलं, मक्केत ढाल होऊन उभे राहिले, ते मरणाला टेकले होते आणि कलमा न पढताच, म्हणजे ईमान न आणताच गेले असं बुखारी-मुस्लिम या हदीसच्या (रसूलुल्लाहंच्या वचनांच्या) ग्रंथांमध्ये आहे (शिया भाऊ हे मानत नाहीत, ते अबू तालिबना ईमानवाले मानतात). त्या दुःखाच्या वेळची ही आयत आहे. म्हणजे जो माणूस जीव तोडून समजावतो आणि समोरचा ऐकत नाही, त्याच्या काळजावर हात ठेवणारी ही आयत आहे, ती तुमच्यासाठी आहे भाऊ. तुमच्या भावासाठी "अल्लाह कोणत्याही कौमची हालत बदलत नाही जोवर ते स्वतःला बदलत नाहीत" ही आहे, सूरह रअद ११. तो तुमची आयत घेऊन बसला आणि तुम्ही त्याची घेऊन स्वतःला जाळून राहिले. आपल्या खेड्यापाड्यात हीच अदलाबदल चालते, मी रोज बघतो.

शाळामास्तरीण_अकोला
हाफिज साहेबांनी छान लिहिलंय. मी इतिहास शिकवते म्हणून थोडं त्या बाजूनं. हा प्रश्न विचारू नये असं जे गावात सांगतात ते मला पटत नाही कारण हा प्रश्न इस्लामच्या पहिल्या शतकातच जोरात विचारला गेला होता, आणि नुसता पुस्तकी नव्हता. उमय्या घराण्याची सत्ता होती, आणि राज्यकर्त्यांचा जुलूम तकदीरच्या नावावर खपवला जातो असं म्हणणारे लोक बसऱ्यात पुढं आले. मअबद जुहनी हे त्यातलं ठळक नाव, माणूस आपल्या कर्माला स्वतः जबाबदार आहे असं सांगायचा, त्याला मारून टाकलं. या बाजूच्या लोकांना कदरिया म्हणतात. दुसऱ्या टोकाला जहम बिन सफवान, त्याचं म्हणणं माणसाला निवडच नाही, ते जबरिया. मग मुअतजिला आले, ते म्हणाले माणूस आपलं कर्म स्वतः घडवतो, नाहीतर शिक्षा देणारा अल्लाह न्यायी कसा म्हणायचा.

यांच्या मधला रस्ता अबुल हसन अशअरींनी काढला, ते स्वतः आधी मुअतजिला होते हे विशेष. ते म्हणाले कर्म निर्माण करणारा अल्लाहच, पण माणूस ते "कमावतो", म्हणून जबाबदारी त्याची. त्याच काळात तिकडं समरकंदला अबू मन्सूर मातुरीदी होते, इ.स. ९४४ च्या सुमारास वारले, त्यांनी माणसाच्या निवडीला अशअरींपेक्षा जास्त जागा दिली. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी (इमाम अबू हनीफांना मानणारे), आणि हनफी लोक अकीद्यात (श्रद्धेच्या बाबतीत) जास्त करून मातुरीदींच्या वाटेनं जातात, मग ते देवबंदी असो की बरेलवी. म्हणजे भाऊ, तुमच्या गावच्या मशिदीत जो अकीदा मानतात त्यातच माणसाची निवड धरलेली आहे. "सगळं लिहिलेलंच आहे, आपण काय करणार" हा आपल्या लोकांचा अकीदा नाहीच, ती थकलेल्या माणसाची बोली आहे.

पुसदचा_सैयद
शिया आहोत आम्ही. इमाम जाफर सादिक अलैहिस्सलाम यांचं एक वाक्य आमच्याकडं लहानपणापासून ऐकवतात, ना जबर आहे ना तफवीज, गोष्ट या दोन्हींच्या मधात आहे. म्हणजे बांधूनबी नाही ठेवलं अन् मोकळं सोडूनबी नाही दिलं. बस एवढंच लिहाचं होतं.

वारकरी_काका_वर्धा
बेटा, तुझा प्रश्न वाचून मले गीतेचा अठरावा अध्याय आठवला. ६१ व्या श्लोकात भगवंत म्हणते का ईश्वर सर्वांच्या हृदयात बसून हाय अन् यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांले फिरवते. मंग लगेच ६३ व्या श्लोकात अर्जुनाले म्हणते, सगळा इचार कर अन् तुले जसं वाटते तसं कर, यथेच्छसि तथा कुरु. दोन श्लोकांचंच अंतर हाय. आमच्या कीर्तनकारांनीबी यावर लय डोकं लावलं, म्हणजे ही गाठ एकट्या तुमच्याच घरी नाई.

अन् २०१७ ची बोंडअळी आठव. बोंडं फोडली का आत अळी, अर्धं गाव म्हणे नशिबात होतं. पण पुढच्या सालापासून ज्यानं फरदड (वेचणी झाल्यावरबी उभं ठेवलेलं पीक) ठेवली नाई, पऱ्हाट्या टायमावर उपटल्या, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावले, त्याच्या वावरात फरक पडलाच ना. देवाले मानणारेच होते ते लोकंबी.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
हाफिज साहेब, तुमचं ते आयतीच्या अदलाबदलीचं वाचून मले रडू आलं, खरं सांगतो. काका, ताई, सैयद भाऊ, तुमचेबी आभार.

पण दोन गोष्टी अजून अडतात. एक म्हणजे सूरह तकवीरच्या शेवटी हाय का ज्याले सरळ चालाचं हाय त्याच्यासाठी हे हाय, अन् लगेच हाय का अल्लाह चाहल्याशिवाय तुम्ही चाहूच शकत नाई. म्हणजे चाहणंबी त्याचंच झालं ना. दुसरं, त्याले त आधीपासूनच माहीत हाय माझा भाऊ काय करणार, मंग भावाजवळ वेगळं करायची जागा राहते कोठी?

मकतबवाला_वाशिम
दुसऱ्याचं आधी घेतो. हा प्रश्न सहाबांनी (रसूलुल्लाहंच्या साथीदारांनी) रसूलुल्लाह ﷺ ना तोंडावर विचारला आहे, हजरत अली रजियल्लाहु अन्हुंनी सांगितलेली रिवायत आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत. मदिनेतल्या बकीच्या कब्रस्तानात जनाजा होता, आप ﷺ बसले होते, हातातल्या काडीनं जमीन टोकरत होते, आणि म्हणाले की प्रत्येकाचं ठिकाण जन्नत की जहन्नम हे लिहिलेलं आहे. लोकांनी लगेच विचारलं, मग त्याच्यावरच भरोसा ठेवून अमल सोडून देऊ का? जवाब आला, अमल करत राहा, ज्याला ज्याच्यासाठी बनवलं त्याला ते सोपं केलं जाईल. बघा, लिहिलेलं आहे हे ऐकून बसून राहायची परवानगी त्याच मजलिसमध्ये मागितली गेली आणि तिथंच नाकारली गेली. काय लिहिलं आहे ते कळायचा आपल्याजवळ एकच रस्ता आहे, करून बघणं.

आणि दुसरे खलिफा हजरत उमर रजि. चा किस्सा. शामकडं (सीरियाकडं) निघाले होते, सर्ग नावाच्या ठिकाणी खबर आली की पुढं ताऊनची (प्लेगची) साथ आहे. सल्ला घेऊन त्यांनी परत फिरायचं ठरवलं. हजरत अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या तकदीरपासून अल्लाहच्याच तकदीरकडं पळतो. आणि विचारलं, तुझे ऊंट एखाद्या खोऱ्यात उतरले, एक बाजू हिरवी आणि एक कोरडी, तर हिरव्या बाजूला चारले तरी अल्लाहची तकदीर आणि कोरड्या बाजूला चारले तरी अल्लाहचीच तकदीर, नाही का? आपल्याकडच्या कोणत्याही गुराख्याला हे सांगा, त्याला समजवावं लागत नाही. गुरं कुठं वळवायची ते त्यालाच ठरवावं लागतं.

तकवीरच्या आयतीत "ज्याला सरळ चालायचं आहे" हे आधी आहेच, ते पुसलेलं नाही. पुढची आयत सांगते की हे चाहणं पण त्याची देन आहे, तेव्हा सरळ चालायला लागला तर फुगू नको.

लॉवाला_नागपूर
सगळ्यांचा आदर ठेवून एक मांडतो. माहिती असणं म्हणजे बांधणं नाही हे माणसाच्या बाबतीत ठीक आहे, मला माहीत असलं की मित्र उशिरा येणार तर माझ्यामुळं तो उशिरा येत नाही. पण अल्लाह नुसता जाणणारा नाही, बनवणारा पण आहे, आणि जाणून बनवतो. तिथं प्रश्न उरतोच. अशअरींचं "कमावणं" तर इतकं बारीक आहे की इब्ने रुश्दसारख्या मुसलमान विचारवंतालाच ते पटलं नव्हतं. मला वाटतं की हा प्रश्न सुटला असं म्हणू नये, त्यानं ईमान कमी होत नाही.

मकतबवाला_वाशिम
बरोबर आहे भाऊ, मी पण सुटला असं म्हणत नाही. अल्लाहचं इल्म आणि त्याची मशीयत (मर्जी) कशी चालते ते माझ्या अकलेत मावत नाही, बुजुर्गांनी तकदीरच्या फार खोलात जाऊ नका म्हटलं ते यासाठीच. पण तेवढा एक भाग अंधारात आहे म्हणून जो भाग उजेडात आहे तो कसा सोडायचा? जुगार हराम आहे, सूरह माइदा ९० मध्ये दारूसोबत त्याचं नाव घेऊन सांगितलं, "यापासून दूर राहा". ज्याला दूर राहताच येत नाही त्याला दूर राहा कोण म्हणतो?

आशाताई_अमरावती
मी आशा सेविका आहे, धर्मातलं मला कळत नाही, सगळं वाचलं आणि एक गोष्ट खटकली की भावाच्या आजाराबद्दल कोणीच बोललं नाही. दादा, पैशाच्या गेमचं व्यसन लागते, दारूसारखंच, मी घरं पाह्यली आहेत. असा माणूस "माझ्या हातात नाही" म्हणते तेव्हा तो नुसता बहाणा नसते, थोडं खरंबी असते, सुटाव वाटते पण सुटत नाही. पण हेबी पाहा का उसने पैसे मागाले तो स्वतः जाते, रिचार्ज स्वतः मारते, तिथं तो कोणाच्या मर्जीची वाट पाहत नाही. म्हणजे सगळंच हातातून गेलं नाही, जेवढं उरलं तेवढ्याले धरून वर ओढाचं.

टेली मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराचे डॉक्टर असतात. घरातलं खातं अन् यूपीआय काही दिवस तुमच्याजवळ ठेवा, पण त्याले सांगून ठेवा, लपवून नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तरी लपूनछपून लिंका फिरतातच, म्हणून मोबाईलवर ध्यान ठेवा. अन् लोकायचं उसनं फेडाले त्याच्या हाती नगदी देऊ नका, ज्याचं त्याले तुम्ही स्वतः नेऊन द्या.

मकतबवाला_वाशिम
ताई, अल्लाह तुम्हाला याचा अज्र (मोबदला) देवो. भाऊ, बकराची शेवटची आयत आहे, अल्लाह कोणत्या जिवावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त बोजा टाकत नाही. त्याची ताकद कमी झाली असेल तर दवाखान्यात नेऊन ती वाढवणं हा पण हिदायतचाच रस्ता समजा. इलाज करा हे पण हदीसमध्येच आलेलं आहे.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
ताई, हे त डोक्यातच नव्हतं, मी त त्याले नुसता गुन्हेगार समजून राह्यलो होतो. हाफिज साहेब, शेवटचं एक. अम्मी रोज तहज्जुदले (रात्रीच्या नमाजीले) उठून त्याच्यासाठी दुआ मागते. तो तिले म्हणते, "जे लिहिलं ते लिहिलं, कायले झोप खराब करतं." ती काही बोलत नाई, पण तिच्या मनाले लागते. तिले काय सांगू?

मकतबवाला_वाशिम
अम्मींना सांगा की तिर्मिजी या हदीसच्या ग्रंथात हदीस आहे, तकदीरला दुआशिवाय दुसरं काही परतवत नाही. दुआ पण त्याच लिखाणातली आहे, बाहेरची नाही. आणि भावाला सांगा की पाच वक्तच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजात १७ रकअती (नमाजाचे फेरे), प्रत्येक रकअतीत सूरह फातिहा, आणि तिच्यात "इहदिनस्सिरातल मुस्तकीम", आम्हाला सरळ रस्ता दाखव. नमाजी माणूस, हाफिज, इमाम, सगळे हिदायत रोज मागतात, मिळून झाली असं कोणीच समजत नाही. त्याने निदान ती मागितली का ते विचारा, पण रागावून नको. आधी जेवू घाला, मग विचारा.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ
विचारलं. दोन-तीन वेळा उठून गेला, मंग बसला. १४४१६ वर मीच फोन लावला अन् त्याच्या हातात देला, लय वेळ बोलला, दार लावून. दवाखान्यात येतो असं अजून म्हणाला नाई, पण नाईबी म्हणाला नाई. सोमवारी गाडी काढतो.

आशाताई_अमरावती
आधार कार्ड सोबत ठेवा दादा, अन् सकाळीच पोहोचा, केस पेपरची लाईन मोठी असते. पहिल्याच खेपेत सगळं होईल असं धरून जाऊ नका, पुन्हा बोलावतात तेव्हा पुन्हा जायचं, मधात सोडू नका. अन् तुम्हीबी त्याच्यासोबत आत बसा, डॉक्टरले घरचं माणूस लागते.