नाजूक त्वचा आणि सेफ्टी रेझर: पहिल्या खरेदीत काय घ्यावं?

कोरडेगाल
सध्या पाच पात्यांचं कार्ट्रिज आणि डब्यातला फोम वापरतो. दाढी गुळगुळीत होते, पण दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुळ्या येतात, कॉलर लागली की चरचरतं. आता दोन धारांच्या जुन्या पद्धतीच्या रेझरकडे वळायचं आहे. रेझर, ब्रश, वाटी, स्टँड, तेल, बाम असा एकत्र संच मिळतोय, तो घ्यावा का? रेझर आणि पातं कोणतं? ब्रश केसांचा की सिंथेटिक? साबण की क्रीम? घरात पाणी बोअरचं आहे, त्याने काही फरक पडतो का?

सुलटहात
संच घेऊ नका. त्यात स्टँड आणि वाटी देखणी असते आणि रेझर सगळ्यात हलका. तुम्हाला चारच वस्तू लागतील: रेझर, पाती, ब्रश, क्रीम. वाटी म्हणून चहाचा जुना मग चालतो.

रेझर घेताना दांड्याकडे नाही, डोक्याकडे बघा. पात्याची धार वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्या रेषेबाहेर जितकी जास्त येते, तितका रेझर आक्रमक. तुम्हाला सौम्य डोकं हवं, म्हणजे सरळ बंद पट्टीचं. दातेरी पट्टीचे (ओपन कोम) आणि तिरक्या पात्याचे सध्या लांब ठेवा. जर्मनीतल्या झोलिंगेनचा मर्कुर ३४ सी किंवा म्यूलेचा आर ८९ ही नावं नवख्यांना नेहमी सुचवली जातात, ती याच सौम्यपणामुळे. त्याहून स्वस्तातही सौम्य तीन-भागी रेझर मिळतात. वजन साधारण ७० ते ९० ग्रॅम असावं. रेझर फार हलका असला की हात नकळत दाबतो, आणि तुमच्या पुळ्यांचं मूळ बहुधा त्या दाबण्यातच आहे. कार्ट्रिजचं डोकं हलतं, दाब थोडाफार सोसून घेतं. सेफ्टी रेझरचं डोकं घट्ट असतं, दाबलात की थेट कातडी सोलतो.

पात्यांबाबत उलटा समज फार आहे. नाजूक त्वचेला बोथट पातं सौम्य पडतं असं नाही. ते केस कापण्याऐवजी ओढतं, मग त्याच जागी चार वेळा हात फिरतो आणि आग तिथेच सुरू होते. पण फेदर हे जपानी पातं पहिल्याच दिवशी लावू नका. ते फार तीक्ष्ण आहे, कोन जरा चुकला तर माफ करत नाही. सेव्हन ओ'क्लॉकसारखं मधलं प्लॅटिनम पातं घ्या, आणखी दोन प्रकारांचं एकेक पाकीट. पहिले दोन आठवडे एकच प्रकार वापरा. रेझर, पातं आणि क्रीम एकदम बदललं तर त्रास कशाने झाला ते कधीच कळत नाही. एक पातं ३ ते ४ दाढ्या, मग फेका. धार टॉवेलने पुसू नका, तिच्यावरचा गुळगुळीत थर निघतो. पाण्याखाली धरून झटकलं की पुरे.

पातं बसवताना टोपी उलटी धरा, खिळ्यांवर पातं ठेवा, वर पट्टीची प्लेट, मग दांडा. प्लेट उलटी बसली तर पातं वाकत नाही, सपाट राहतं. तसा रेझर गालाला लावायचा नाही. आवळताना टोपीची दोन्ही टोकं चिमटीत दाबून धरा, नाहीतर पातं तिरकं बसतं. शेवटी समोरून बघा: दोन्ही बाजूंना धारेची रेघ सारखी दिसली पाहिजे.

बोअरचंपाणी
पाण्याचा प्रश्न वरच्या प्रतिसादात राहून गेला, आणि तुमच्या बाबतीत तोच मोठा आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका बनवतं. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो ना, तोच. म्हणजे फेस कमी होतो आणि उरलेला साका कातडीवर चिकटून तिला कोरडी करतो. उपाय सोपा आहे: फेसापुरतं अर्धा कप फिल्टरचं (आरओ) पाणी घ्या. चेहरा बोअरच्या पाण्याने धुतलात तरी चालेल, शेवटचा हात मात्र फिल्टरच्या पाण्याने फिरवा. उकळल्याने जडपणा थोडाच जातो, त्यावर विसंबू नका.

क्रीम घ्या, साबणाची वडी नंतर. क्रीममधून फेस पटकन येतो, शिकताना एक अडचण कमी. सुगंध आणि मेन्थॉल नसलेलं शोधा. मेन्थॉल गार वाटतं म्हणून लोकांना आवडतं, पण त्या गारव्यात आग होतेय हेच कळत नाही. नवीन क्रीम आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

ब्रश सिंथेटिक, गुच्छ २२ ते २४ मिमीचा. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त असतो, पण आधी पाच मिनिटं भिजवावा लागतो आणि मऊ पडायला काही आठवडे जातात. तोवर तुमचे गाल त्याचे टोचे खाणार. पावसाळ्यात तो वाळतही नाही.

फेस असा करा: ब्रश भिजवून दोनदा झटका, बोराएवढं क्रीम घ्या, मिनिटभर घोटा, मग आठ-दहा थेंब पाणी घालून परत घोटा. असं तीन-चार वेळा. चक्क्यासारखा कोरडा नको, ताकासारखा पातळ नको. घट्ट लागलेल्या दह्यासारखा, चकाकणारा हवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय. नवखे लोक मात्र बहुतेक वेळा पाणी कमीच घालतात: फेस फुगलेला आणि शोभिवंत, पण बोटांत चोळला तर घसरत नाही.

तुरटीविरोधक
कोणी सुचवायच्या आधीच सांगतो: खोबरेल तेल लावून त्यावर फेस करू नका. तेलाने फेस विरतो आणि पातं चिकट होतं. दाढीआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाणी पुरतं. केस पाणी पिऊन मऊ होतो, मऊ करायला तेल लागत नाही.

सुलटहात
तेलाचं मान्य. पण तुमच्या नावातच तुरटीला विरोध, तिच्यावर एवढा राग का? गार पाण्याने धुतल्यावर ओली तुरटी हलकी फिरवायची, अर्धा मिनिट थांबून धुवून टाकायची. जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलं होतं, इतका स्वच्छ निकाल दुसरं काही देत नाही. त्रास होतो तो ती धुऊन न टाकल्याने.

तुरटीविरोधक
कोरड्या त्वचेला रोज नको, एवढंच माझं म्हणणं. रक्ताच्या ठिपक्यापुरती ठेवा. आणि सलूनमधली सार्वजनिक तुरटी तर अजिबात नको. दाढीनंतर अल्कोहोल आणि वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर.

कोरडेगाल
समजलं. गळ्याचं काय करू? गालापेक्षा त्रास तिथेच आहे. कोन कसा धरायचा?

बोअरचंपाणी
दोन दिवसांची खुंट वाढू द्या आणि गळ्यावर बोट चारही दिशांनी फिरवा. ज्या दिशेला खरखर लागत नाही ती केसांची दिशा. गळ्यावर ती बऱ्याचदा खालून वर किंवा आडवी असते, अन् आपण डोळे मिटून वरून खाली ओढतो. कागदावर बाणांचा नकाशा काढून आरशाजवळ लावा.

कोनासाठी टोपी गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात. मग दांडा हळूहळू खाली आणा, केस कापल्याचा कुरकुर आवाज आला की थांबा. तेव्हा पातं गालाशी साधारण ३० अंशांत असतं. हात दोन-तीन सेंटीमीटरचेच मारा आणि वजन रेझरलाच टाकू द्या. कंठमण्यावरून जाताना कातडी बाजूला सरकवून सपाट जागेवर आणा.

पहिले तीन आठवडे गळ्यावर फक्त सुलट, एकदाच. गालावर हवं तर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात मारायचाच नाही. केस कुरळे असतील तर पुढेही नाही: कातडीच्या पातळीखाली कापलेला केस वाढताना आतच वळतो आणि पुळी येते. कातडी फार ताणली तरी तेच होतं.

इतकं करूनही पुळ्या राहिल्या तर महिनाभर ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवून कापा. पू धरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चेहऱ्यावर लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि पुढे कातडी पातळ होत जाते.

सुलटहात
एक राहिलं. वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या बंद डब्याला वर फट पाडून त्यात टाका. वर्षानुवर्षं भरत नाही.