मदत हवी आहे: मुलाला ऑफर देणारे साहाय्यक प्रशिक्षक कॉलेज सोडून गेले, आता त्या ऑफरचे काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. माझा मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर, म्हणजे पायाने चेंडू मारून गुण मिळवणारा खेळाडू, म्हणून खेळतो. लहानपणापासून तो सॉकर खेळत होता. नववीत असताना शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी त्याची किक पाहून त्याला बोलावून घेतले आणि तेव्हापासून त्याचे सारे लक्ष याच खेळाकडे लागले. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या राज्यातील एका विद्यापीठाच्या कॅम्पमध्ये तेथील स्पेशल टीम्सच्या (किक मारण्याच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या गटाच्या) साहाय्यक प्रशिक्षकांनी त्याला पाहिले. नियमाप्रमाणे अकरावीच्या १ सप्टेंबरपासून ते त्याला थेट मेसेज पाठवू लागले आणि हंगाम संपत आला तेव्हा त्यांनी फोनवर शिष्यवृत्तीची ऑफर दिली. जानेवारीत मात्र त्यांना एका मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली आणि ते गेले. जाताना त्यांनी मुलाला अगदी सभ्य शब्दांत मेसेज पाठवला, संपर्कात राहू असेही कळवले. आधीच्या विद्यापीठाकडून त्यानंतर आम्हाला काहीही कळलेले नाही.

हे प्रशिक्षक आमच्या दृष्टीने का महत्त्वाचे होते, हे सांगायला हवे. शाळेच्या सामन्यांत फील्ड गोल (खांबांच्या मधून मारलेली किक) मारताना चेंडू दोन इंचांपर्यंत उंच ठोकळ्यावर ठेवण्याची मुभा असते. कॉलेजमध्ये १९८९ पासून ती नाही, चेंडू थेट जमिनीवरून मारावा लागतो. शिवाय गोलचे खांब शाळेत एकमेकांपासून २३ फूट ४ इंच अंतरावर असतात, तर कॉलेजमध्ये १८ फूट ६ इंचांवर. कॅम्पमध्ये इतर मुले ठोकळ्यावरून लांब लांब किक मारून दाखवत असताना या प्रशिक्षकांनी माझ्या मुलाचा ठोकळा काढून घेतला आणि जमिनीवरून मारायला लावले. पहिल्या काही किक खाली राहिल्या. मग त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून, टेकवायचा पाय कोठे पडला पाहिजे तेथे गवतात टी (छोटी खुंटी) खोचून खूण केली आणि चेंडू स्वतः धरला. त्या दुपारी मुलगा जे शिकला त्याचा सराव तो आजही करतो. म्हणूनच ही ऑफर त्यांनी मुलाला नीट पारखून दिली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती ऑफर विद्यापीठाची होती की त्यांची एकट्याची, एवढेच मला समजत नाही.

आतापर्यंत मी जे वाचले त्यावरून इतके कळले की तोंडी ऑफर कोणालाही बांधून ठेवत नाही, शिष्यवृत्तीचे लेखी पत्र बारावीच्या १ ऑगस्टपूर्वी देता येत नाही आणि सही डिसेंबरमधील मुदतीत होते. खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधणारे पूर्वीचे राष्ट्रीय हमीपत्र २०२४ मध्ये रद्द झाल्यापासून आर्थिक साहाय्याचा करार हाच काय तो कागद उरला आहे. म्हणजे आजपासून डिसेंबरपर्यंत आमच्या हाती सही झालेले काहीही नसणार.

मुलाचे म्हणणे असे की आत्ताच कमिट असल्याचे, म्हणजे त्याच विद्यापीठात जाणार असल्याचे, जाहीर करावे, म्हणजे जागा टिकेल. यजमानांचे म्हणणे थांबावे असे आहे. नवे प्रशिक्षक आल्यावर जुन्या ऑफरचे सामान्यतः काय होते? विद्यापीठाला सरळ विचारले तर त्यांना ते अविश्वासाचे वाटेल का? आणि गेलेल्या प्रशिक्षकांच्या मागे त्यांच्या नव्या विद्यापीठाकडे वळणे योग्य की अयोग्य? ज्यांच्या मुलांनी हा मार्ग पाहिला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. माझा थोरला मुलगा टेक्सासमध्ये लाइनमन म्हणून कॉलेज फुटबॉल खेळला आणि त्याच्या भरतीच्या काळात त्याच्याशी बोलणारे साहाय्यक दोनदा बदलले, त्यामुळे तुमची घालमेल चांगलीच समजते.

बँकेच्या शाखाधिकाऱ्याने तोंडी कर्ज मंजूर केले आणि लगेच त्याची बदली झाली, तर आपण नव्या साहेबांपुढे फाईल पुन्हा ठेवतो, तसेच येथे करावे लागते. तुमच्या मुलाचे नाव मुख्य प्रशिक्षकांच्या यादीत होते की केवळ त्या साहाय्यकाच्या वहीत, हे सर्वांत आधी शोधा. ऑफर देताना मुख्य प्रशिक्षक फोनवर होते का, किंवा नंतर त्यांनी स्वतः मुलाशी बोलणे केले का? केले असेल तर ऑफर टिकण्याची शक्यता बरीच अधिक असते. लाइनमन किंवा रिसीव्हर निवडताना निदान तीन-चार लोकांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. किकरच्या बाबतीत बहुतेक संघांत एकच माणूस पाहतो आणि बाकीचे त्याच्या शब्दावर चालतात, म्हणून तो माणूस गेला की ओळखच पुसली जाते.

सही होईपर्यंत थांबण्याचेही महत्त्व लक्षात घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये जॉर्जियाचा लाइनबॅकर (बचावफळीतील खेळाडू) रोक्वान स्मिथ याने टीव्हीवर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाची निवड जाहीर केली, पण हमीपत्र पाठवण्यापूर्वीच त्याला कळले की तेथील बचावफळीचे समन्वयक जेफ उलब्रिक अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाकडे जाण्याच्या बेतात आहेत. त्याने कागद पाठवला नाही. पुढे तो जॉर्जिया विद्यापीठात गेला आणि तेथेही हमीपत्रावर सही न करता फक्त आर्थिक साहाय्याचा करार केला. २०१७ मध्ये त्याला देशातील सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळाला. त्याच आठवड्यात डेट्रॉइटच्या माइक वेबरने ओहायो स्टेटच्या कागदावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे होणारे प्रशिक्षक स्टॅन ड्रेटन शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडे गेल्याचे जाहीर झाले. मुलगा दुखावला आणि त्याने ते उघडपणे लिहिलेही. तरीही तो तेथेच राहिला आणि २०१६ च्या हंगामात त्याने एक हजाराहून अधिक यार्ड धावून काढले. वेबरला ते विद्यापीठ प्रशिक्षकाखेरीजही हवेसे होते, असे मला वाटते. तुमच्या मुलालाही हाच प्रश्न विचारून पाहा: किक मारायची नसती तरी त्याला तेथे चार वर्षे शिकायला आवडले असते का?

मागोमाग जाण्याविषयी. २०१२ च्या जानेवारीत साहाय्यक प्रशिक्षक टॉश लुपोई बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ सोडून वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि बर्कलीला येण्याचे ठरवलेला शॅक थॉम्पसन वॉशिंग्टनला गेला. त्याचे भलेच झाले, २०१५ मध्ये पँथर्स या व्यावसायिक संघाने निवडीच्या पहिल्याच फेरीत त्याला घेतले. पण तो देशभरातून मागणी असलेला खेळाडू होता. आपल्या मुलांच्या बाबतीत, बढती मिळून गेलेल्या प्रशिक्षकाच्या नव्या विद्यापीठाची अपेक्षाही चढलेली असते, आणि त्याला मुलगा आवडत असला तरी तेथे जागा असेलच असे नाही. आणखी एक गोष्ट, जी पालकांना उशिरा कळते: मुख्य प्रशिक्षक बदलले तर संघातील खेळाडूंना बदली मागण्यासाठी नियमातच वेगळी मुदत मिळते, पण साहाय्यक गेला तर तशी कोणतीही सवलत नाही. ज्याच्या भरवशावर मुलगा आला तो माणूस ऑगस्टमध्ये गेला, तरी मुलाला जानेवारीच्या पोर्टलची (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीची) वाट पाहावी लागते.

प्रतिसाद २

मी न्यू जर्सीत एका शाळेच्या संघाबरोबर काम करतो, म्हणून थोडी भर घालतो.

नवे प्रशिक्षक कोणत्या दर्जाचे नेमले जातात याकडे लक्ष ठेवा. २०२४ च्या उन्हाळ्यात नियम बदलला आणि मैदानावर शिकवण्याची परवानगी सर्व कर्मचाऱ्यांना मिळाली, मात्र विद्यापीठाबाहेर जाऊन खेळाडू पाहण्याची मुभा मुख्य प्रशिक्षक आणि दहा पूर्णवेळ साहाय्यकांपुरतीच ठेवली गेली. त्यामुळे काही ठिकाणी स्पेशल टीम्सचे काम विश्लेषक म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडे जाते. ती व्यक्ती तुमच्या शाळेत येऊन मुलाला पाहू शकणार नाही, आणि तिला मुलगा दाखवायचा तर उन्हाळ्याच्या कॅम्पलाच जावे लागेल.

दुसरे म्हणजे जागांचा हिशेब. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबाबत जून २०२५ मध्ये मंजूर झालेला न्यायालयीन समझोता स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी ८५ शिष्यवृत्तींची जुनी मर्यादा गेली आणि संघात १०५ खेळाडूंचीच मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्तीविना येणाऱ्या मुलांना, म्हणजे वॉक-ऑनना, भरपूर जागा असत आणि किकर बहुधा त्याच वाटेने येत. आता ती वाट अरुंद झाली आहे. त्यातच नवे प्रशिक्षक पोर्टलमधून एखादा अनुभवी किकर आणू शकतात. म्हणून त्या संघाचा आजचा किकर कोणत्या वर्षात आहे आणि जानेवारीत कोणी नवा आला का, ही माहिती संकेतस्थळावरील यादीतून आजच काढा. मुलगा कॉलेजात जाईल तेव्हा, म्हणजे २०२७ मध्ये, किकरची जागा रिकामी होणारच नसेल, तर ऑफर कोणी दिली होती हा प्रश्नच मागे पडतो.

विचारण्याविषयी संकोच बाळगू नका, पण पहिला फोन तुम्ही करू नका. शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांना करू द्या. ते तेथील खेळाडू-निवड विभागाच्या संचालकांना विचारतील आणि त्यांना सरळ उत्तर मिळेल, कारण विद्यापीठांना त्याच शाळेत पुढच्या वर्षी पुन्हा यायचे असते. त्यानंतर मुलाने स्वतः मुख्य प्रशिक्षकांना छोटेसे पत्र लिहावे आणि त्यासोबत जमिनीवरून मारलेल्या किकचा व्हिडिओ पाठवावा, ज्यात एकाच जागेवरून सलग मारलेल्या सर्व किक असतील, चुकलेल्याही. निवडक किकची चित्रफीत पाहून कोणी निर्णय घेत नाही.

धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे शाळेच्या प्रशिक्षकांनी फोन केला. तेथील निवड विभागाने सांगितले की मुलाचे नाव यादीत आहे, परंतु नवे प्रशिक्षक नेमले जाईपर्यंत कोणत्याही किकरविषयी ते शब्द देणार नाहीत आणि मुलाने जूनमधील कॅम्पला यावे. शाळेच्या प्रशिक्षकांच्या मते हे प्रामाणिक उत्तर आहे, मलाही तसेच वाटते. संघाची यादी पाहिली तेव्हा त्यांचा किकर तिसऱ्या वर्षात असल्याचे दिसले, म्हणजे जागा रिकामी होण्याची शक्यता आहे. कमिट जाहीर करण्याचा विचार मुलाने तूर्त बाजूला ठेवला. हे त्याला सोपे गेले नाही, कारण शाळेतील मित्रांना तो सांगून बसला होता.

किक मारायची नसती तरी तेथे शिकायला आवडले असते का, हा आपला प्रश्न मी त्याला जसाच्या तसा विचारला. तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला की त्याला यांत्रिकी अभियांत्रिकी शिकायचे आहे आणि त्या विद्यापीठात तो विभाग चांगला आहे का, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. आता तो स्वतः ते पाहत आहे. घराजवळच्या, कॉलेज स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत (डिव्हिजन थ्री) खेळणाऱ्या एका कॉलेजनेही त्याला विचारले आहे. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण गुणवत्तेवर मिळू शकते, म्हणून त्यांच्याशीही बोलणे चालू ठेवणार आहोत.

एक अडचण उरली आहे. गेलेल्या प्रशिक्षकांनी त्यांच्या नव्या विद्यापीठाच्या कॅम्पला मुलाला बोलावले आहे आणि दोन्ही कॅम्प जूनच्या एकाच आठवड्यात, लागोपाठच्या दिवशी आहेत. मध्ये रात्रभराचा प्रवास आहे. किकरचा पाय दुसऱ्या दिवशी तेवढा ताजा राहत नाही, त्यामुळे दोन्हीकडे जावे की एकच निवडावा?

प्रतिसाद १ (पुन्हा)

ताई, एकच निवडा आणि जुन्या विद्यापीठाचा निवडा. गेलेल्या प्रशिक्षकांनी मुलाला जवळून पाहिलेले आहे, त्यांना नव्याने पटवायचे काही नाही. त्यांना व्हिडिओ पाठवता येईल आणि तेथे किकरची जागा आहे का हे मुलाने त्यांनाच स्पष्ट विचारावे. ज्यांनी त्याला अजून पाहिलेच नाही, त्यांच्यापुढे तो ताज्या पायाने उभा राहिला पाहिजे. कॅम्पची नोंदणी करण्याआधी नवे प्रशिक्षक नेमले गेले आहेत आणि त्या दिवशी ते स्वतः मैदानावर असणार आहेत, याची विद्यापीठाकडून ईमेलवर खात्री करून घ्या.