घरी बांधलेली गाडी: दिवे नियमात बसले तरी पासिंग नाही, हे बरोबर आहे का?

उद्यमबागचा टर्नर
लेथवर माझी २२ वर्षं गेली. गेलं दीड वर्ष दर रविवारी राबून पाइपची चेसी वेल्ड केली, जुन्या मारुती ८०० चं इंजिन बसवलं आणि दोन सीटची गाडी उभी केली. पासिंगचं विचारलं तर एजंटानं फोटो बघूनच हात जोडले. लाइट तरी बघा म्हटलं, तर म्हणाला, लाइटचा प्रश्नच नाही, गाडीच कागदावर नाही.

मला हे पटत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये दिव्यांचं सगळं आकड्यांत दिलंय. पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरवरचा माणूस आणि वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. पुढं लाल दिवा चालत नाही. हे सगळं मोजता येतं की! मग मोजा, आणि बसत असेल तर पास करा. आपल्याकडे नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना गाडी तपासून घ्यावी लागते. ती वाट हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याची. ब्रिटनमध्ये हौसेनं एकच गाडी बांधणाऱ्यासाठी 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल' आहे, तपासनीस तीच एक गाडी दिव्यासकट तपासतो. आपल्याकडं का नको?

चोर्ला घाट रोजचा
काका, तुमच्या हाताला नमस्कार, पण माझा विरोध आहे. मी बेळगावातून गोव्याला भाजी नेतो. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढं धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पलीकडं काही दिसत नाही. गेल्या वर्षी वळणावर समोरून एक जीप आली, घरीच काहीतरी उद्योग करून एलईडी बसवलेली. दोन सेकंद मला फक्त पांढरं दिसलं. क्लीनरनं ओरडून हँडल धरलं म्हणून आज हे लिहितोय.

त्या जीपचे दिवे १५५ मीटर काय, त्याच्याही पुढं दाखवत असतील. नियम १०६ बघा: दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडं अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला उजेडानं दिपवता कामा नये. हे घरी कोण तपासतं? आणि पास झाल्यावर बल्ब बदलला तर?

निपाणीकर
बल्ब तर शोरूमची गाडी घेणारेही बदलतात दादा. त्यांच्या पासिंगला कुणी हरकत घेत नाही, मग काकांच्याच का?

आणि गाळप हंगामात आमच्या रस्त्यावर या एकदा. दोन-दोन ट्रॉल्या उसानं लादलेल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला. कुणी जुनी सीडी बांधतो, कुणी तेही नाही. माझ्या चुलतभावाची मोटरसायकल अशाच ट्रॉलीत घुसली, तो दहा महिने अंथरुणावर होता. आधी तिथं बघा.

चोर्ला घाट रोजचा
भावाचं वाचून वाईट वाटलं. ट्रॉल्या थांबवायलाच पाहिजेत, त्यात माझा वाद नाही. पण ट्रॉलीवाला चुकतो म्हणून आणखी एक न तपासलेली गाडी रस्त्यावर येऊ दे, हे मला मान्य नाही.

गणेशपूरचा मित्र
एवढं कशाला? मारुतीचं आरसी बुक आहे ना? त्याच नंबरवर फिरवा.

उद्यमबागचा टर्नर
नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि मूळ रचना अशी बदलता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय चेसी माझी, नंबर दुसऱ्या चेसीचा. उद्या काही झालं तर विमा कंपनी दारात उभी करणार नाही. चोरून फिरवायची असती तर इथं लिहिलंच नसतं.

खानापूर ऑटो इलेक्ट्रिकल
काका, दोन प्रश्न. हेडलाइट कुठले आणि जमिनीपासून किती उंच?

उद्यमबागचा टर्नर
मोटरसायकलचे गोल. आत्ताच टेप लावली. खालची कड ४६ सेंटिमीटर.

खानापूर ऑटो इलेक्ट्रिकल
मग इथंच अडलं. आपल्या एआयएस-००८ मध्ये, म्हणजे गाडीवर दिवे कसे बसवायचे त्या मानकात, डिपरची (उजेड खाली टाकणाऱ्या हेडलाइटची) खालची कड ५०० मिलिमीटरच्या खाली नको आणि वरची १२०० च्या वर नको. ब्रिटनच्या त्या तपासणीतही हाच आकडा आहे, म्हणजे तिथंही तुमची गाडी परत आली असती.

दुसरं म्हणजे दिवा. आपण डावीकडून चालतो, म्हणून कारच्या डिपरचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढलेला असतो. रस्त्याकडेचा पादचारी दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यावर येत नाही. बऱ्याच मोटरसायकलच्या दिव्यांत हे नसतं, दोन्हीकडं सारखाच पट्टा पडतो. आणि हॅलोजनच्या वाटीत, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत रिफ्लेक्टरमध्ये, एलईडी घालू नका. ती वाटी फिलामेंट जिथं असते त्या जागेसाठी घडवलेली असते. उजेडाची जागा जराशी सरकली की पट्टा फाटतो आणि वर उधळतो. घाटवाल्या दादांना जे पांढरं दिसलं ते हेच असणार. इंडिकेटर एलईडी असतील तर त्यांना लुकलुकवणारा फ्लॅशरही बघा. जुन्या फ्लॅशरला लोड कमी पडला की टिकटिक १२० च्या वर जाते.

मी मात्र काकांच्या बाजूचा. तपासणीची सोय असती तर ही चूक पहिल्या दिवशीच कळली असती. सोय नाही म्हणून माणसं गाड्या बांधायची थांबत नाहीत, ती रात्री आडवाटेनं फिरवतात.

चोर्ला घाट रोजचा
शेवटचं वाक्य खरं आहे. तरी नोंदणी देऊ नये हे माझं मत कायम. निदान दरवर्षी दिवे तपासायची सक्ती असल्याशिवाय तरी नाही.

उद्यमबागचा टर्नर
वर्षाला काय, सहा महिन्याला तपासा, मी गाडी घेऊन हजर. ४ सेंटिमीटरसाठी पुढची ब्रॅकेट कापावी लागणार, ती या रविवारी कापतो. दिवेही कारचेच घेतो. शेडसमोर रिकामी भिंत आहे, ८ मीटरवर गाडी लावून दीड मीटरवर खडूची रेघ मारतो. घाटवाले दादा, त्या रात्री गोव्याची खेप नसली तर या. रेघेपाशी डोळे तुमचेच हवेत मला.

चोर्ला घाट रोजचा
रविवारी खेप नाही. आठला येतो.