‘लस’ वाहते आणि ‘लस’ टोचतात, शब्द एकच का?

जखम चिघळली की तिच्यातून ‘लस येते’ म्हणतो, आणि बाळाला ‘लस देतात’. हा एकच शब्द की दोन?

– एकच. १७९६ साली एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरने एका गवळणीच्या हातावर गाईपासून आलेल्या देवीच्या फोडातला द्राव घेतला आणि एका मुलाच्या दंडावर ओरखडे काढून लावला. तो द्राव म्हणजे अगदी शब्दशः लस. पुढे कितीतरी वर्षं एकाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याला टोचत. (कल्पनेनेच अंगावर काटा येतो!) ‘व्हॅक्सीन’च्या मुळाशी लॅटिन ‘व्हॅक्का’, म्हणजे गाय. त्यांनी गाय धरून ठेवली, आपण फोड.

– मला खटकतो तो ‘प्रतिकारशक्ती’. शक्ती म्हटलं की ती काढा पिऊन वाढेल असं वाटतं. गोवराची लस कांजिण्यांपासून वाचवत नाही, मग शक्ती कसली? ती ओळख आहे. रोगजंतू किंवा त्याचा तुकडा एकदा पाहिला की स्मृतिपेशी तो चेहरा लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला अडवणारी प्रथिनं, भराभर तयार होतात.

– ‘ओळख’ पटलं. पण मग ‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’चं काय? कोणी ती जन्मजात म्हणून वापरतं, कोणी आजार होऊन मिळालेली म्हणून. दुसरीला मी ‘रोगोत्तर’ म्हणेन. तिचंही प्रत्येक रोगात वेगळं. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, पण जाताना तो इतर जंतूंच्या जुन्या ओळखी पुसून जातो. लस तसं करत नाही. धनुर्वातात तर ओळखच होत नाही. त्याचं विष इतकं जहाल, की जीव घ्यायला पुरणारी मात्राही शरीराला ओळख पटायला अपुरी. त्यामुळे त्यातून वाचलेल्यालाही लस टोचावीच लागते.

– म्हणजे ‘येऊन गेला’ या आपल्या शब्दप्रयोगावर फार विसंबू नये. ‘कांजिण्या येऊन गेल्या’ म्हणतो खरे, पण तो विषाणू चेतापेशींत दडून बसतो आणि कधी कधी उतारवयात नागीण होऊन उठतो. आल्या हे खरं, गेल्या कुठे?