भाड्याच्या घरातला बुटका ओटा आणि भांडी घासताना भरून येणारी कंबर

घणसोलीकर: ओटा जमिनीपासून ३१ इंच, माझी उंची ५ फूट ७ इंच. पोळ्या लाटताना फारसं जाणवत नाही, पण सिंकपाशी उभं राहिलं की कंबर भरून येते. घरमालक तोडफोड करू देणार नाहीत. काय करता येईल?

मोजपट्टी: ओट्याची नको, सिंकच्या तळाची उंची मोजा. सिंक ८ इंच खोल असेल तर तुमचे हात २३ इंचांवर काम करतायत. तुमचं कोपर साधारण ४२ इंचांवर येईल. घासणं-चिरणं कोपराच्या ४ ते ६ इंच खाली बरं पडतं. लाटताना वरून जोर द्यायचा असतो, त्यामुळे आणखी खाली चालतं, शिवाय पोळपाटाची उंची मिळते.

सिंकमध्ये ४-५ इंच उंच पायांचा स्टीलचा जाळीचा स्टँड ठेवा, त्यावर टब. घमेलं उपडं घालून भागवू नका. ते निचऱ्याच्या जाळीवर बसलं तर पाणी तुंबतं आणि आत हवा अडकली की तरंगायला लागतं. नळाचं तोंड आणि टबाचा काठ यांत कुकर मावला पाहिजे. मावत नसेल तर उंच मानेचा नळ बसवून घ्या, जुना जपून ठेवा, घर सोडताना परत लावता येईल.

कडाप्पा: यात पायांचं राहिलं. सिंकखाली बंद कपाट असेल तर बोटं दाराला अडतात, माणूस वीतभर मागे उभा राहतो आणि तेवढा जास्त वाकतो. दार उघडून एक पाय खालच्या फळीवर ठेवा, ४ ते ६ इंच उंची पुरे. पाय बदलत राहा. जुन्या सिडकोच्या घरांत ओट्याखाली दारं नसतात, नुसता कडाप्पा दगड असतो, तिथे हे आपसूक जमतं. आणि प्लास्टिकचा एप्रन घाला. पाणी अंगावर उडतं म्हणूनच लोक मागे सरकतात!

कढई, कुकर सिंकमध्ये घासूच नका. ओट्यावर ओलं फडकं पसरून तिथे घासा, सिंकमध्ये फक्त विसळा.

घणसोलीकर: दार उघडून बघतो. कमरेचा पट्टा लावून घासलं तर?

मोजपट्टी: पट्ट्याने सिंक वर येत नाही. डॉक्टरांनी सांगितला असेल तर तेवढ्यापुरता लावा.

ऐरोली_फिजिओ: कळ गुडघ्याखाली उतरत असेल तर नुसत्या स्टँडवर विसंबू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या मधे बधिर वाटलं किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. उद्यावर ढकलू नका.

कडाप्पा: स्टँड विकत घेण्याआधी दोन-चार दिवस सिंकमध्ये जड पितळी डबा ठेवून त्यावर टब टेकवून बघा. डबा निचऱ्यापासून बाजूला ठेवा. उंची जास्त झाली तर खांदे वर चढतात आणि मान धरते, तसं वाटलं तर इंचभर कमी करा.