हस्तकला प्रदर्शनात आदिवासी आणि तांड्यावरचे कारागीर फक्त ढोल वाजवायलाच का?

तापीकाठ:
जळगावातल्या एका हस्तकला प्रदर्शनात जाऊन आलो. ‘आदिवासी कला’ अशी मोठी पाटी, खाली वारली चित्रांचे कप, बांबूचे दिवे, काचांच्या पिशव्या. विकणाऱ्यांत बांबूकाम करणारा एकही कोटवालिया आदिवासी नाही, पावरा आदिवासी नाही, बंजारा तांड्यावरची बाई नाही. धडगावकडचं पथक मात्र उद्घाटनाला ढोल वाजवत होतं. स्टॉलचं भाडं आगाऊ, वर जीएसटी नंबर हवा. नवापूरकडे सूप-टोपल्या विणणारा तो कुठून आणणार? निम्मे स्टॉल या कारागिरांना बिनभाड्याचे द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुळ्याचा_दुकानदार:
आता कलेतही आरक्षण? गिऱ्हाईक वस्तू बघतं, जात नाही. मी कारागिरांकडून बांबूचा माल रोखीनं उचलतो. पावसाळ्यात बुरशी धरली की नुकसान माझं. स्टॉल फुकट दिला तरी टेम्पोचं भाडं, राहणं-खाणं, बुडालेली मजुरी कोण देणार? लोकांना आम्हा दुकानदारांना दलाल म्हणणं सोपं आहे.

चाळीसगावची_लेक:
दादा, वस्तूच बघूया. माझ्या आजीच्या फेटियावर, म्हणजे बंजारा घागऱ्यावर, प्रत्येक काच टाक्यांनी धरलेली आहे, इतकी वर्षं धुऊनही निघाली नाही. त्या प्रदर्शनात ‘बंजारा वर्क’ म्हणून विकलेल्या पिशवीच्या काचा डिंकानं चिकटवलेल्या होत्या, नखानं उचकटल्या. आणि आमच्या बायकांना बोलावतात ते फेटिया-कांचळी (चोळी) घालून पाहुण्यांना ओवाळायला. कर्नाटकात सांडूरच्या लंबाणी, म्हणजे तिथल्या बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव) आहे. आपण ते केळीला घेतलं, भरताच्या वांग्याला घेतलं, नवापूरच्या तूरडाळीलाही घेतलं. म्हणजे कागदं जमवता येतात की!

धुळ्याचा_दुकानदार:
डिंकाचं मान्य, ताई. पण टाक्याच्या पिशवीची किंमत ऐकली की हेच जळगावकर शेजारच्या स्टॉलवर जातात.

अमळनेरना_भाऊ:
दुकानदार भाऊनं खरं शे. सगळ्यासले हाताचं काम आवडतं, पैसे काढताना हात खिशातच अडकतो.

नवापूरकर:
स्टॉलवरून भांडताय, बांबूचं काय? 2017 मध्ये वन कायद्यात बदल झाला, पण तोडण्या-नेण्याच्या परवान्यातून सुटला तो फक्त जंगलाबाहेर वाढलेला बांबू. ज्याला स्वतःचा बांधच नाही त्याला विकतच घ्यावा लागतो. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे जंगलातून गोळा करून विकता येतो, पण गावाचा सामूहिक हक्क मंजूर झालेला असेल तरच त्याचा उपयोग. केंद्राच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारे येतात, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मिळतात. कच्चा मालच महाग असेल तर नवा कोयता घेऊन काय सोलायचं? आणि जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही. अट आयोजकांनी पदरची घातलीय.

प्रदर्शन_समितीतला:
पदरची नाही, जुन्या छापील अर्जातली आहे. काढायला सांगतो. निम्मे स्टॉल मात्र विसरा, मंडप भाड्यावरच उभा राहतो. चार देऊ. माणसं तुम्ही आणा.

तापीकाठ:
चार म्हणजे तोंडाला पानं पुसणं झालं. आणि माणसं आम्ही का आणायची? ढोलवाले बरे सापडले तुम्हाला!

चाळीसगावची_लेक:
चार तर चार, पण दारापाशी हवेत. पार्किंगच्या बाजूचे नकोत. टेम्पोचं भाडं समितीनं द्यायचं. शिवाय ढोलवाल्यांना मानधन किती दिलं, तेही इथंच लिहा.